३७ सामने, ३ गोल

१० जानेवारी, शनिवार. नाशिक

सकाळी सहाला पुतण्याला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर नेलं. गोदेच्या बाजूने असा गारठा येत होता की हँडलवरची बोटं आपलीच का, अशी शंका यावी. पोरगं बुटाच्या नाड्या बांधायला बसलं, पण बोटं बधिर झालेली, गाठच बसेना. शेवटी मीच गुडघे टेकले (डावा वाकताना हल्ली कुरकुरतो) आणि बांधून दिल्या. दव इतकं होतं की दहा मिनिटांत बूट चिंब.

घरी पोहे खाताना त्याला म्हटलं, आजच्याच तारखेला २०१२ साली दिल्लीत फुटबॉलपटू बायचुंग भुतियाचा निरोपाचा सामना झाला. समोर साक्षात जर्मनीचा बायर्न म्युनिक क्लब. ४-० ने हरलो, पण त्याचं कोणाला काय! पुतण्याने मोबाइलवर जरा बोट फिरवलं आणि निकाल देऊन टाकला, "काका, इंग्लंडमध्ये ३७ मॅच, ३ गोल. फ्लॉपच की."

एवढा राग आला की लिंबाची बी तशीच पोह्यात पडली.

आकडा खरा आहे. म्हणूनच जास्त झोंबला. ३० सप्टेंबर १९९९ ला भुतियाने मँचेस्टरजवळच्या बरी क्लबशी करार केला. युरोपातल्या क्लबशी करार करणारा पहिला भारतीय फुटबॉलपटू. १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम पायाला पट्ट्या बांधून स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी खेळला होता, पण दोनच सामने, आणि घरच्या ओढीने परत आला. बरी तेव्हा इंग्लंडमध्ये तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये होती. आमच्या कॉलेजात विनोद ठरलेला. "भुतियाची टीम कशी आहे?" "बरी आहे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या टीममध्ये डाव्या विंगला. ३ ऑक्टोबरला भुतिया कार्डिफविरुद्ध बदली म्हणून उतरला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्या मी कापून ठेवल्या. पहिला गोल आला १५ एप्रिल २००० ला, चेस्टरफिल्डविरुद्ध. मधला सगळा हिवाळा कोरडा. मी पुतण्याला तेच सांगत होतो. १३ जुलै १९९७ ला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर मोहन बागानविरुद्ध हॅटट्रिक मारलेला माणूस. बागानचे कोच अमल दत्तांनी सामन्याआधी त्याला 'चुंगचुंग' म्हणून चिडवलं होतं, तर त्याच्या ईस्ट बंगालने ४-१ ने हिशेब चुकता केला. आणि आता हाच माणूस परक्या गावात बदली म्हणून उतरतोय, कारण तिथे कोणाला हॅटट्रिक माहीत नाही.

"सिक्कीमचा होता ना? थंडीचं काय त्याला?" पुतण्या म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण नाड्या बांधता न येणाऱ्याने तरी हे बोलू नये.

त्या थंडीत माझीही एक निवड चाचणी होती, मुंबईत. चार दिवसांची. दुसऱ्या दिवशी पंचवटी पकडून नाशिकला परतलो. घरी सांगितलं, पाय मुरगळला. पाय ठणठणीत होता. तिथली पोरं माझ्यापेक्षा वेगात होती, एवढंच. ही गोष्ट आजवर कोणालाच सांगितली नव्हती, आज इथे लिहिली. भुतिया मात्र २००२ पर्यंत बरीकडेच राहिला, आणि परत आला तरी संपला नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मधे मलेशियातही जाऊन आला. २००८ मध्ये त्याच्या कप्तानीखाली आपण एएफसी चॅलेंज कप जिंकलो, म्हणून २०११ ला दोह्यात आशिया कप खेळायला मिळाला, २७ वर्षांनी. तिथे तो दुखापतीने बहुतेक बाकावरच होता. दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटची थोडी मिनिटं उतरला. मी ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चोरून बघितलं होतं.

बरीचं पुढे फार वाईट झालं. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ ला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधला मानाचा कप, जिंकलेला. पैशाच्या घोळात ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला. ती बातमी वाचली तेव्हा नात्यातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. आमचा त्या गावाशी संबंध काय, तर एक कात्रण.

आणि ते कात्रणही राहिलं नाही. माझे ओले बूट वाळावेत म्हणून आईने त्यात कागदाचे बोळे कोंबले, टेबलावरचं हाताला लागेल ते. मी दोन दिवस अबोला धरला. तिचं एकच म्हणणं, "अरे, बूट तर वाळले ना?"

आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. पुतण्याचे बूट गॅलरीत पालथे आहेत, उद्या परत सहाला निघायचंय. रद्दीतला पेपर घेतलाय. फाडण्याआधी खेळाचं पान तेवढं बाजूला काढून ठेवलं.