उन्हाची नक्षी पाडणारी हॅट: कातरकाम सोपं, कवडसा अवघड

हॅटच्या रुंद कडेत नक्षी कापायची आणि उन्हात ती कवडशांनी अंगावर उमटवायची, या कामात कापणं, शिवणं, काठाला तार घालणं हे सगळं सुरळीत पार पडतं. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. कडेवर धारदार दिसणारी नक्षी जमिनीवर पोचेपर्यंत पार विरून जाते. तयार नमुने देणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचा राग मला अजून आहे. बारीक जाळीची कड आणि खाली फरशीवर तिची तंतोतंत सावली असं चित्र ते दाखवतात. असं चित्र दिव्याखालीच निघतं. उन्हात उभ्या माणसाच्या डोक्यावरून तशी सावली पडूच शकत नाही.

कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात त्याची चकती साधारण अर्ध्या अंशाची, नेमकं सांगायचं तर ०.५३ अंशांची दिसते. त्यामुळे प्रत्येक सावलीच्या काठाला एक धूसर पट्टा येतो. त्या पट्ट्यातून पाहिलं तर सूर्य अर्धवट झाकलेला असतो. पट्ट्याची रुंदी काढायला एक भागाकार पुरतो: भोकापासून सावली पडते तिथपर्यंतचं अंतर भागिले १०७. अंतर सरळ खाली मोजायचं नाही, ऊन ज्या तिरप्या वाटेने येतं त्या वाटेने मोजायचं.

आता आकडे घालून बघा. कडेपासून गालापर्यंत ११ सेंटिमीटर असतील तर धूसर पट्टा १ मिलिमीटरचा. खांद्यापर्यंत २७ सेंटिमीटर असतील तर अडीच मिलिमीटरचा. जमिनीपासून कड १६० सेंटिमीटर उंच आणि सूर्य ४५ अंशांवर असेल, तर तिरपी वाट २२६ सेंटिमीटर भरते आणि पट्टा २१ मिलिमीटरचा होतो. म्हणजे ५ मिलिमीटरची पाकळी आणि तिच्याशेजारची ५ मिलिमीटरची काडी जमिनीवर एकमेकींत मिसळून नुसता राखाडी डाग उरणार. कात्री कितीही धारदार असो, लेझर कितीही महागाचं असो, यात तसूभर फरक पडत नाही. मी पाळते तो नियम असा: नक्षीतली सर्वांत बारीक रेघ, मग ती कापलेली असो की राखलेली, धूसर पट्ट्याच्या किमान अडीच पट हवी. गालासाठी ३ मिलिमीटर, खांद्यासाठी ६ ते ७, जमिनीसाठी ५ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर हा आकडा ऐकून लोक थबकतात. पण १२ सेंटिमीटर रुंदीच्या कडेवर जमिनीसाठी जेमतेम एक मोठं पान किंवा एक चांदणी बसते, आणि तेवढ्यावरच समाधान मानावं लागतं.

बारीक भोकांचं आणखी एक. भोक चौकोनी, त्रिकोणी किंवा बदामी असलं तरी दूर पडणारा कवडसा गोलच येतो, कारण तो भोकाचा आकार राहत नाही, सूर्याचं चित्र होतं. ही गोष्ट जुनीच आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नांमध्ये विणलेल्या टोपलीच्या चौकोनी फटींतून ऊन गोल का पडतं हा प्रश्न आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली त्याचं भूमितीने उत्तर दिलं. गवती हॅटच्या विणीतून पडणारे ठिपके म्हणजे तीच टोपली.

बरं, कवडसा गोल आला तरी चालेल, पण तो दिसायला तर हवा. ३ मिलिमीटरच्या भोकातून २२६ सेंटिमीटरवर जे ऊन पोचतं त्याची तीव्रता उघड्या उन्हाच्या जेमतेम २ टक्के असते. हिशेब असा की भोकाचा व्यास आणि धूसर पट्टा यांचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा वर्ग करायचा: ३ भागिले २१, त्याचा वर्ग. आकाशाचा निळा उजेड सावलीत सतत उतरत असतो, त्यात हे २ टक्के बुडून जातात. १० मिलिमीटरच्या भोकाला २३ टक्के मिळतात, १५ मिलिमीटरच्या भोकाला ५१. जमिनीवर ठिपके हवेच असतील तर भोक १५ मिलिमीटरचं ठेवा आणि दोन भोकांच्या मध्यांमध्ये निदान ४ सेंटिमीटर सोडा.

सगळ्यांत जास्त वेळ कुठे जात असेल तर चाचणीत. ढग आले की काम बंद, मग माणूस मोबाइलचा टॉर्च काढतो, आणि तिथेच फसगत होते. टॉर्चचा दिवा दोन-तीन मिलिमीटरचा. मीटरभर अंतरावरून तो सूर्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा दिसतो, म्हणून सावली चौपट धारदार पडते. शिवाय टॉर्चचे किरण फाकतात, म्हणून ती मोठीही होते. उन्हाचे किरण फाकत नाहीत. घरात खरी चाचणी हवी असेल तर उजेडाच्या उगमाचा व्यास आणि अंतर यांचं प्रमाण १ ला १०७ ठेवा. पुठ्ठ्यात २ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा, त्यावर बटर पेपर ताणून लावा, मागे जोरदार दिवा ठेवा आणि २१४ सेंटिमीटरवर हॅटची कड धरा. कडेच्या मागे २५ सेंटिमीटरवर पांढरा कागद लावला की त्यावर पडणारी धूसरता खांद्यावरच्या उन्हासारखीच, २.३ मिलिमीटरची असते. सावली मात्र साधारण १२ टक्के मोठी दिसेल, तेवढं वजा धरा. जमिनीच्या अंतरासाठी ही युक्ती चालत नाही, कारण सावली दुप्पट होते. त्यासाठी ऊन येईपर्यंत थांबावंच लागतं. पूर्ण कड कापण्याआधी काळ्या कार्डाच्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीत नक्षीचा एकच तुकडा कापून तो उन्हात धरावा. कापायच्या हॅटपेक्षा ही पट्टी जास्त शिकवते.

तेव्हा नक्षी काढायला बसण्याआधी सावली कुठे पडणार ते ठरवा. ते सूर्याच्या उंचीवर आहे. उंची मोजायला यंत्र लागत नाही. मीटरभर काठी उभी धरा. सावली १७३ सेंटिमीटर असेल तर सूर्य ३० अंशांवर, १०० असेल तर ४५, ५८ असेल तर ६०, ३६ असेल तर ७०.

सूर्य समोर असेल तर चेहरा हा उभा पडदा. कपाळापासून कडेवर जितक्या अंतरावर भोक असेल, त्याला सूर्याच्या उंचीच्या टॅन्जंटने (म्हणजे काठीची उंची भागिले तिची सावली) गुणायचं, तितका तो कवडसा कडेच्या खाली पडतो. १० सेंटिमीटर बाहेरचं भोक ४५ अंशांना १० सेंटिमीटर खाली येतं, ६० ला १७, ७० ला २७. त्याच प्रमाणात नक्षी उभी ताणलीही जाते. १० मिलिमीटरचं गोल भोक ६० अंशांना १७ मिलिमीटर उंचीचा लंबगोल होतं, ३५ ला ७ मिलिमीटरपर्यंत दबतं. म्हणून चेहऱ्यावर पाडायच्या नक्षीत वर्तुळं आणि चौकोन टाळा, पानं, वेली, पिसं घ्या. त्यांचं ताणणं-दबणं डोळ्याला खटकत नाही. अक्षरं हवी असतील तर त्यांची डोकी डोक्याच्या बाजूला ठेवा. समोरच्याला ती सुलटी दिसतात, आरशासारखी उलटत नाहीत.

खांदा हा आडवा पडदा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला. कड आडवी आणि पडदाही आडवा असला की नक्षीचा आकार जसाच्या तसा पडतो, सूर्य कितीही तिरपा असो. आडवी सरकते, ताणली जात नाही. अडचण या सरकण्याचीच आहे. कड खांद्यापेक्षा २५ सेंटिमीटर उंच असेल तर ७० अंशांना नक्षी ९ सेंटिमीटर सरकते, ६० ला १४, ४५ ला पूर्ण २५. एवढी सरकली की सूर्याच्या बाजूची नक्षी गालावर आणि मानेवर जाते, पलीकडची खांद्यावरून निसटून जमिनीवर. म्हणजे खांद्यावरची नक्षी ही सूर्य ६५ अंशांच्या वर असतानाची गोष्ट. विषुवदिनी दुपारी सूर्याची उंची ९० वजा तुमचं अक्षांश एवढी असते, हे लक्षात ठेवलं की आपल्या जागी खांद्याची नक्षी जमेल का ते घरबसल्या कळतं.

यातून एक चांगली मांडणी निघते. कडेवर आतून बाहेर जाताना नक्षी जाड करत जा. डोक्यालगतची भोकं कपाळावर आणि गालावर, अगदी जवळ पडतात, तिथे ३ मिलिमीटरची नाजूक वेल टिकते. मधल्या भागात ७ मिलिमीटर. बाहेरच्या भागातला उजेड लांब जातो, तिथे मोठी पानं. उलट मांडणी, म्हणजे बाहेर झालर आणि आत मोठी फुलं, कडेवर छान दिसते पण उन्हात निम्मी वाया जाते.

कापडाची जाडी हा दुसरा छुपा शत्रू. ऊन तिरपं आत शिरतं आणि भोकाच्या भिंतीवर अडतं. ३ मिलिमीटर जाड फेल्टमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडात, ४५ अंशांना ३ मिलिमीटर उजेड कापला जातो, ३० अंशांना ५ हून जास्त. म्हणजे उन्हाला आडवी असलेली ४ मिलिमीटरची फट ४५ अंशांना १ मिलिमीटरची उरते, उन्हाच्या दिशेतली फट मात्र पूर्ण उघडी राहते. त्यामुळे डोकं वळवलं की नक्षीचा अर्धा भाग गायब होतो. फेल्टच वापरायचं असेल तर खालच्या बाजूने भोकाची धार तिरकी तासा. मी ०.५ मिलिमीटरचा पॉलिप्रोपिलीनचा पत्रा घेते. तो ३० अंशांनाही १ मिलिमीटरपेक्षा कमी उजेड खातो, वाकवला तरी तडकत नाही. विनाइल म्हणजे पीव्हीसी लेझरखाली कधीही घालू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना आणि यंत्राला, दोन्हींना घातक. लेझरच्या फाइलमध्ये एकावर एक दोन रेघा राहिल्या असतील तर त्या पुसा, नाहीतर तीच धार दोनदा जळून वितळते.

कडेची खालची बाजू काळी आणि बिनचमकीची ठेवा. खालून पांढरी असेल तर जमिनीवरून आणि कपड्यावरून परतलेला उजेड ती पुन्हा चेहऱ्यावर टाकते आणि सावली फिकी पडते. नक्षी पडायला कपडा मात्र फिकट आणि साधा हवा, छापील कापडावर काहीच कळत नाही.

मापं थोडक्यात. डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर असेल तर आतलं भोक गोल कापू नका, डोकं लांबट असतं. साधारण १९.५ बाय १६.७ सेंटिमीटरचा लंबगोल बसतो. त्याच्या आत शिवणीसाठी १५ मिलिमीटरच्या जिभा सोडा. डोक्यालगत २ सेंटिमीटर आणि बाहेरच्या काठाला दीड सेंटिमीटर कोरी पट्टी राखा, काठात तार घाला. कापलेला भाग एकूण कडेच्या पाव हिश्शाच्या वर गेला की कड लोंबायला लागते, आणि लोंबली की वरचे सगळे हिशेब बदलतात.

पाव भाग उघडा म्हणजे थेट उन्हाचा पाव हिस्सा त्वचेवर येतो, शिवाय आकाशातून येणारे अतिनील किरण आहेतच. ही हॅट ऊन अडवण्यासाठी नाही, सनस्क्रीन लावाच. डोळ्यांच्या बरोबर वर, कपाळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ६-७ सेंटिमीटर, कड कोरी ठेवा. चालताना कवडसा डोळ्यावर आला तर भोकातून थेट सूर्य डोळ्यात जातो.

भोकांत रंगीत फिल्म लावली तर कवडसेही रंगीत पडतात, धूसरतेचा नियम तोच. फिल्म नेहमी सपाट घ्या. फुगीर पारदर्शक मणी किंवा काचेचे अर्धगोल कडेत मुळीच बसवू नका. १ सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल सुमारे २ सेंटिमीटरवर ऊन एकवटतो, आणि तेवढ्या अंतरावर केस असतात. थ्रीडी प्रिंटरवर कड काढणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेली कड वेडीवाकडी होते. त्याऐवजी पीईटीजी हे प्लास्टिक घ्या, ते ८० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं.