रुक्मिणीचे पत्र आणि माझे

गडहिंग्लजच्या आमच्या घरी देवघराच्या फळीवर लाल कापडात बांधलेली 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पोथी असते. मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात आजीने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रोज एक प्रसंग वाच की गं, चांगलं स्थळ येतंय." एकनाथांच्या या ग्रंथाचे 18 प्रसंग आहेत आणि उपवर मुलींनी ते वाचले की लग्न जमते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मी ते सगळे प्रसंग वाचले. स्थळे आली आणि परतही गेली, कारण मी एम.ए.साठी कोल्हापूरला विद्यापीठात निघून आले. वाचताना मात्र एक गोष्ट मनात रुतून बसली, ती अशी की चांगले स्थळ यावे म्हणून जी कथा मुलींच्या हाती दिली जाते, त्या कथेतली मुलगी स्थळाची वाट पाहत बसलेलीच नाही. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला नको आहे, आणि ती स्वतः कृष्णाला पत्र लिहून मागणी घालते.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी, म्हणजे यंदा, मी त्याला लग्नाचे विचारायचे ठरवले तेव्हा ही पोथी मला नव्याने आठवली. तो सांख्यिकी विभागात एम.एस्सी. करतो. आमचे एकमेकांवर प्रेम आहे हे दोघांनी दीड वर्षापूर्वीच बोलून झाले होते, पण प्रेम सांगणे वेगळे आणि लग्नाचे विचारणे वेगळे. पहिल्यात फक्त दोन माणसे असतात. दुसरे विचारताना दोन घरे, दोन गावे आणि आमच्या बाबतीत दोन जातीही शेजारी येऊन बसतात.

पहिली अडचण शब्दांची आली. मराठीत लग्नाविषयीची क्रियापदे भरपूर आहेत, पण त्यांचे कर्ते बहुतेक वेळा वडीलधारे असतात. स्थळ सांगून येते, मुलगी पाहतात, बोलणी करतात, सुपारी फोडतात, लग्न लावून देतात. मागणी घालणे हा नेमका शब्द आहे खरा, पण ती मुलाकडचे मुलीकडे घालतात. मुलीने मुलाला विचारायचे असेल तर वसतिगृहातल्या मैत्रिणींजवळ एकच शब्द होता, 'प्रपोज मारणे', आणि ज्या गोष्टीवर पुढचे आयुष्य उभे राहायचे ती गोष्ट 'मारावी' असे मला काही केल्या वाटेना.

मैत्रिणींनी योजना मात्र उत्साहाने आखल्या. पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ फुगे, रंकाळ्यावर संध्याकाळी केक, आणि कुणीतरी लपून चित्रीकरण करायचे. रंकाळ्याच्या चौपाटीवर असा एक प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. मुलगा गुडघ्यावर बसला होता, भोवती भेळ खाणारी माणसे फोन उंचावून उभी होती आणि मुलीने खाली मान घालून होकार दिला. तो होकार मनापासूनचाही असेल, मला ठाऊक नाही. पण त्या गर्दीत तिला दुसरे काही म्हणण्याची सोयच उरली नव्हती, हे मी दहा फुटांवरून पाहिले. ज्या प्रश्नाला नकार देता येत नाही तो प्रश्न नसून आग्रह असतो, आणि आग्रह मला स्थळांच्या निमित्ताने पुरेसा पाहून झाला होता.

अंगठीचा विचार तेवढ्यापुरता केला. एका शनिवारी गुजरीत जाऊन दोन ग्रॅमच्या अंगठीचा भाव विचारला. सराफाने 916 चा शिक्का, त्याशेजारचा सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक, मजुरी आणि त्यावरचा कर हे सगळे इतक्या आपुलकीने समजावले की काही न घेता बाहेर पडताना मलाच अवघडल्यासारखे झाले. माझी सगळी शिल्लक एका सेमिस्टरच्या खाणावळीइतकी होती. शिवाय आपल्या साखरपुड्याच्या नावातसुद्धा अंगठी नाही, साखरेचा पुडाच आहे. मी गुळाचा एक खडा कागदात बांधून घ्यायचे ठरवले. कोल्हापुरात राहून साखर कशाला?

खरा वेळ गेला तो कायदा वाचण्यात, आणि या भागाची मला सर्वांत जास्त मदत झाली. वयाची अट, मुलीला 18 आणि मुलाला 21, आम्ही दोघांनी केव्हाच ओलांडली होती. दोघेही हिंदू असल्यामुळे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी करून नोंदणी करता येते आणि त्याला जात आड येत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग धरला तर दोघांपैकी एकजण किमान 30 दिवस राहत असेल त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. ते 30 दिवस वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्या फलकापुढे उभा असलेला आमच्या गल्लीतला कुणीतरी ओळखीचा माणूस आला. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला, त्याच शहरात बसून मी ही भीती बाळगत होते, याची लाजही वाटली. पण भीती लाजेने जात नाही.

त्यानंतर मी रुक्मिणीचे मूळ पत्र पुन्हा वाचले. भागवताच्या दशम स्कंधात ते सात श्लोकांचे आहे. त्यात स्तुती आहे, प्रेम आहे, पण मला थक्क केले ते त्यातल्या नियोजनाने. अंतःपुरातल्या मुलीला तिचे आप्त न मारता कसे न्यायचे, असा प्रश्न तुला पडेल, म्हणून उपाय मीच सांगते, असे ती लिहिते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते आणि नवरी नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. म्हणजे जागा, वेळ आणि रक्तपात टाळण्याची काळजी, तिन्ही गोष्टींचा विचार विदर्भाच्या त्या मुलीने आधीच करून ठेवला होता. शेवटी मात्र ती लिहिते की तुझी कृपा झाली नाही तर मी प्राण सोडीन. तेवढा भाग मी घेतला नाही.

माझे पत्र दीड पानाचे झाले. नेट परीक्षा झाल्यावर आणि दोघांपैकी एकाला तरी नोकरी लागल्यावर, म्हणजे किमान दोन वर्षांनी, तू माझ्याशी लग्न करावेस असे मला वाटते. घरी आधी माझ्या आईला आणि तुझ्या थोरल्या बहिणीला सांगावे. उत्तराला पंधरा दिवस घे. आणि उत्तर 'नाही' असले तरी मला तोंडावर सांग, फोनवर नको. चार वेळा लिहिले, तीन वेळा फाडले. एम.ए. मराठीच्या विद्यार्थिनीला इतक्या साध्या मजकुराला आठ दिवस लागले, हे माझ्या प्राध्यापकांना कळू नये.

एका रविवारी सकाळी राजाराम तलावाच्या काठी मी ते पत्र आणि गुळाची पुडी त्याच्या हातात दिली. त्याने तिथेच दोनदा वाचले, गूळ खाल्ला, अर्धा मला दिला आणि म्हणाला, "पंधरा दिवस दिलेस, ते बरं केलंस." परत येताना आम्ही दोघेही काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी ग्रंथालयात त्याने तेच पत्र परत आणून दिले. मागच्या कोऱ्या बाजूला सर्वांत वर 'होय' असे लिहून त्याखाली त्याच्या नेहमीच्या सवयीने क्रमांक घालून चार प्रश्न होते. नोकरी वेगवेगळ्या गावी लागली तर काय, लग्नाचा खर्च कुणाचा, माझ्या आईने बोलणे सोडले तर मी किती दिवस धीर धरीन, आणि पोथीतल्या रुक्मिणीला कृष्णाने उत्तर लिहून दिले होते का. चौथ्याचे उत्तर सोपे होते: लिहून दिले नव्हते, तो निरोप आणणाऱ्या ब्राह्मणालाच रथात बसवून रातोरात निघाला होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही विभागाच्या पायऱ्यांवर बसून ठरवली. तिसऱ्याचे उत्तर मी अजून लिहिते आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत गडहिंग्लजला जाताना ते माझ्या पिशवीत असेल.