डब्यातली एकोणीस पोस्टकार्डे

मंगळवार, २० मे २०२५

सकाळचा चहा होतो न होतो तोच शेजारच्या वहिनींनी दार वाजवून सांगितले की, जयंत नारळीकर गेले. पहाटे झोपेतच, इथे पुण्यात, राहत्या घरी. वय ८६. एरवी टीव्ही लावायला मी सकाळी कोणाला परवानगी देत नाही, पण आज मीच लावला आणि बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. कोल्हापूरचा जन्म, बनारसचे बालपण, केंब्रिज, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, सत्ताविशी पूर्ण होण्याआधी पद्मभूषण, १९७२ साली भारतात परत येण्याचा निर्णय, १९८८ साली पुण्यात उभी राहिलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. सगळे खरे आणि सगळे मोठेच, पण माझे मन त्या यादीत रमले नाही. ते माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याकडे धावत होते. त्या डब्यात काय आहे, हे या घरात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

दुपारी आणखी एक बातमी आली. अणुशक्ती आयोगाचे माजी अध्यक्ष एम. आर. श्रीनिवासन यांचेही आजच निधन झाले. ते ९५ वर्षांचे होते. हे देशाचे सामर्थ्य आहे असे ज्यांच्याकडे बोट दाखवून मी वर्गात सांगत असे, त्यांपैकी दोघे एकाच दिवशी गेले.

संध्याकाळी आभाळ भरून आले. डबा आज काढला नाही. धीर झाला नाही.

बुधवार, २१ मे

नारळीकरांवर आज शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. गुडघ्यांमुळे मला जाता आले नाही, याची रुखरुख राहील.

सकाळच्या बातम्यांत एक आनंदाची गोष्टही होती. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांच्यासह. लघुकथांच्या संग्रहाला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळाले आहे. त्या कथा १९९० पासून २०२३ पर्यंत लिहिलेल्या आहेत, हे वाचून मी थबकले. एक बाई कर्नाटकातल्या हासनमध्ये बसून तीस वर्षे आजूबाजूच्या बायकांचे म्हणणे ऐकत आणि लिहीत होती, आणि त्यातली बहुतेक वर्षे माझ्या वर्गातल्या मुलांचे म्हणणे माळ्यावर डब्यात पडून होते.

मुलाकडून शेवटी डबा काढून घेतला. बिस्किटांचा, चौकोनी, झाकणाला गंज. आत एकोणीस पोस्टकार्डे, सुतळीने बांधलेली. सुतळीचा वळ वरच्या कार्डावर कायमचा उमटला आहे.

हे काय आहे ते आता लिहून टाकते. १९९५ साली मी भोर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवत होते. त्या वर्षी ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा राजस्थान, उत्तर प्रदेशातून बंगालकडे गेला, आपल्याकडे ते खंडग्रास दिसले. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा सातवीचा वर्ग प्रश्नांनी नुसता फसफसत होता. त्याच सुमारास एका शिक्षक प्रशिक्षणात मी ऐकले की, स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना नारळीकर सांगतात, पोस्टकार्डावर मला प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून त्याखाली सही करून पाठवीन. मला ती कल्पना फार आवडली. पदरच्या पैशांनी मी कार्डे आणली आणि मुलांना सांगितले, जे मनात येईल ते विचारा, उत्तर येईल.

मुलांनी विचारले. कार्डे माझ्या हाती आली आणि मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले, ‘ग्रहण’चे ‘गरहण’ झालेले, एकाने तर पत्त्याच्या जागेपर्यंत लिहिलेले. एवढ्या मोठ्या माणसाकडे शाळेच्या नावाने हे असे जाणार, या विचाराने मला संकोच वाटला. काही प्रश्न मला पोरकट वाटले, एक-दोन तर उद्धट. आधी शुद्ध करून, मग पुन्हा नव्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन पाठवू, असे ठरवले. मग सहामाहीचे पेपर तपासायचे होते, मग स्नेहसंमेलन, मग वार्षिक परीक्षा आणि जूनमध्ये माझी बदली. यातले एकही कारण खोटे नाही, पण कार्डे गेली नाहीत ती या कारणांमुळे नव्हे. ती गेली नाहीत कारण मी प्रश्न न वाचता अक्षर वाचले.

आज मी प्रश्न वाचले. ‘ग्रहणात आजी जेवू देत नाही. अन्न खरंच खराब होतं का, का ती उगाच म्हणते?’ ‘सूर्य कोणी पेटवला आणि काडी कुठून आणली?’ ‘ध्रुवतारा एकाच जागी बसून कंटाळत नाही का?’ आणि निळ्या शाईतले, तिरक्या ओळींचे, एका मुलीचे कार्ड: ‘आम्ही एसटीनं मामाकडं जातो तेव्हा झाडं मागं पळतात पण चंद्र आमच्याबरोबर पळतो. असं का.’ या शेवटच्या वाक्याखाली माझी लाल रेघ आहे आणि समासात मी लिहिले आहे, प्रश्नचिन्ह दे.

शुक्रवार, २३ मे

तो चंद्राचा प्रश्न दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

धावत्या गाडीतून पाहताना जवळची वस्तू झपाट्याने मागे जाते, लांबचा डोंगर सावकाश सरकतो आणि फारच लांबची वस्तू जागची हललीच नाही असे वाटते. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. एसटी दहा किलोमीटर गेली तरी तो दिसण्याची दिशा एका अंशाच्या पाचशेव्या भागाइतकीही बदलत नाही. झाडे सुटत जातात, चंद्र सुटत नाही, म्हणून तो बरोबर येतो असे वाटते. एवढे सातवीला सहज सांगता आले असते.

पण त्या प्रश्नाची खोली यापुढे आहे. जवळचे जास्त सरकते आणि लांबचे कमी, तर मग किती सरकले हे मोजून ते किती लांब आहे हेही काढता येईल. ताऱ्यांची अंतरे माणसाने प्रथम अशीच काढली. एसटीऐवजी आपली पृथ्वी घ्यायची, जी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत आपल्याला सुमारे ३० कोटी किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवते, आणि या दोन टोकांवरून एकच तारा पाहायचा. मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किंचित सरकलेला दिसतो. यालाच पराशय म्हणतात. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय मोजून त्याचे अंतर काढले, ते सुमारे ११ प्रकाशवर्षे भरते. नारळीकरांच्या जन्माच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. भोरच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीला नाक लावून बसलेली बारा वर्षांची मुलगी त्याच वाटेच्या पहिल्या पायरीवर उभी होती आणि मी तिला प्रश्नचिन्ह द्यायला सांगत होते.

आज वर्तमानपत्रांतले लेख वाचताना नारळीकरांच्या विज्ञानकथेची जुनी हकिगत पुन्हा समोर आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे मला पूर्वीही माहीत होते, पण आजच्या वाचनात ते वेगळ्या जागी लागले. लिहिणारा कोण आणि अक्षर कोणाचे हे बाजूला ठेवून कागदावर काय आहे तेवढेच पाहिले जावे, यासाठी त्यांनी एवढी खटपट केली.

मंगलाताईंचेही मला मनापासून लिहायचे आहे. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, जुलै २०२३ मध्ये गेल्या. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर किती टीका झाली! चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले असतील, कोण जाणे. ‘पंचवीस’ ऐकून पाटीवर आधी ५ आणि मग २ लिहिणारे मूल मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते मूल चुकत नसते, ते ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. मंगलाताईंनी त्या मुलाचे ऐकले होते.

शनिवार, २४ मे

मान्सून आज केरळात पोहोचला. नेहमीची तारीख १ जून.

त्या मुलीचा पत्ता लागला. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटातून नंबर मिळाला आणि दुपारी मी धडधडत्या छातीने फोन लावला. आता ती चाळिशी ओलांडलेली आहे, सासर फलटणकडे, दोन मुले. आवाज ऐकताच म्हणाली, “बाई, तुम्ही?” मी प्रास्ताविक न करता सगळे सांगितले. कार्डे मी पाठवलीच नव्हती, हेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

मग ती म्हणाली, “बाई, मी त्या सुट्टीत रोज पोस्टमनची वाट बघायचे. आई म्हणायची, मोठी माणसं कामात असतात, आपल्याला कुठलं उत्तर येतंय. मला तेच खरं वाटलं.”

तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. गेली २९ वर्षे एका घरात असे समजले जात होते की नारळीकरांनी उत्तर दिले नाही, आणि त्यांच्यापर्यंत प्रश्न गेलाच नव्हता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे हो बाई.” पत्ता मात्र तिने लगेच सांगितला, पिनकोडसकट.

रविवार, २५ मे

दिवसभर पाऊस. बारामती, इंदापूरकडे फार नुकसान झाले, नीरा डावा कालवा फुटल्याचे टीव्हीवर दाखवत होते. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, काढून ठेवलेला उन्हाळी कांदा वावरातच भिजला. मे महिन्यात असा पाऊस त्यांनीही पाहिलेला नाही.

रात्री जेवताना नातवाने विचारले, “आजी, पाऊस लवकर आला तर लवकर संपणार का?” सून म्हणाली, “आधी भात संपव.” मी तिला थांबवले आणि त्याला सांगितले की मला ठाऊक नाही, उद्या शोधू. तो खूश झाला. आजीला ठाऊक नाही याचा त्याला एवढा आनंद का व्हावा, हे मला आधी कळले नाही. मग लक्षात आले की, उद्याच्या शोधात मी त्याला बरोबर घेतले होते.

सोमवार, २६ मे

मान्सून आज मुंबईत दाखल झाला, ११ जूनऐवजी तब्बल सोळा दिवस आधी. हवामान खाते म्हणते की पाऊस कधी सुरू झाला यावरून हंगामात एकूण किती पडेल हे ठरत नाही. नातवाला ते वाचून दाखवले. “मग कशावरून ठरतं?” हा त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. तोही वहीत लिहून ठेवला आहे.

पाऊस ओसरल्यावर टपाल कार्यालयात जाऊन आले. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळते. खिडकीवरच्या मुलीला ते शोधायला दोन खण उघडावे लागले, पण तिने आपुलकीने शोधून दिले. मी चाळीस घेतली.

माझ्या सहीला नारळीकरांच्या सहीची किंमत नाही, हे मला पुरते कळते. ते असते तर या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कसे लिहिले असते, याचा अंदाजही मी करणार नाही. विश्वाच्या उत्पत्तीविषयी बहुतेक सगळे शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले, तरी ते शेवटपर्यंत आपल्या शंका पुराव्यांसह मांडत राहिले. फलज्योतिषाची नुसती हेटाळणी न करता त्यांनी सहकाऱ्यांबरोबर रीतसर चाचणी घेतली, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते हे ओळखायला सांगितले आणि सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली तेव्हा तो आकडा लोकांपुढे ठेवला. अशा माणसाच्या नावाने मी काही लिहिणे योग्य नाही. माझ्याच नावाने लिहिले.

दुपारभर लिहीत होते. पहिल्या कार्डावर झाडे, डोंगर आणि चंद्र मावले. दुसऱ्यावर अंगठ्याचा प्रयोग लिहिला: हात लांब करून अंगठा धर, आधी एक डोळा मिट, मग दुसरा, आणि मागच्या भिंतीवर अंगठा किती सरकतो ते मुलांना दाखव. हंसातल्या ताऱ्यापाशी आले तेव्हा जागा संपली, म्हणून तिसरे घेतले. तिचे मूळ कार्ड पाकिटात घालून वेगळे पाठवणार आहे. त्यावरची माझी लाल रेघ खोडावी असे आधी वाटले होते, पण ती तशीच राहू दिली.

अठरा कार्डे अजून समोर आहेत. व्हॉट्सॲप गटातून आत्तापर्यंत सात जणांचे पत्ते आले आहेत. उद्या सूर्य पेटवणाऱ्याचे घ्यायचे आहे. तो हल्ली चाकणला एका कारखान्यात फोरमन आहे, असे कळले.