आपलं सोडून हे कशाला?

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत विचारतात, सोलापूरहून फोनवर विचारतात: "अगं, आपलं इतकं असताना ते लोकांचं कशाला?" पबमधले इंग्रजही तेच विचारतात, फक्त त्यांचे शब्द गोड असतात. "तुम्ही सतार नाही का वाजवत?" तोंडी उत्तरं देऊन थकले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका पबात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही चौघं १९२०-३०च्या काळातला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी-जॉर्जियाकडच्या काळ्या गायकांचा कंट्री ब्लूज वाजवतो. आधी दोघंच होते. २००५पर्यंत पबमध्ये वेगळं लायसन्स न काढता दोनच वादकांना बसता यायचं. कायदा बदलला आणि तिसरी मी आले, पुढे डबल बासवाला आला. ते तिघं यॉर्कशरचे गोरे. तुमचा मिसिसिपीशी काय संबंध, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी एकदाही विचारलेलं नाही. मला दर गुरुवारी विचारतात. माझा राग आहे तो याचा. तो आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे तिथे हा राग मला वाचवत नाही.

माझे वडील ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी बार, आणि सिनेमातल्या गाण्यातली एकेक मींड तारेवरून ओढून काढायची. मी त्यांच्याकडेच शिकले. २००३मध्ये लीड्सला आल्यावर जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात मिसिसिपीचे ब्लूज गायक-गिटारवादक बुक्का व्हाइट ऐकले. इंग्रजी शब्द निम्मेही कळले नाहीत, पण हात कळला. तारेवर काय चाललंय ते मला घरच्यासारखं कळत होतं. म्हणजे मी काही सोडून इकडे आले नाही. आणि कुठलं कुणाचं, हे शोधायला गेलं तर तिथेही गुंताच आहे. आम्ही ज्या पद्धतीने तारा लावतो तिला वादक 'वेस्टपोल' म्हणतात. हे नाव क्रिमियातल्या सेबास्टोपोलचं. अमेरिकेत घरोघरी दिवाणखान्यात वाजवल्या जाणाऱ्या एका जुन्या गिटारधुनेतून ते दक्षिणेतल्या काळ्या वादकांपर्यंत पोचलं.

इथे मी स्वतःशीच भांडते. २००९च्या दिवाळीत मी मंडळाच्या अंकात लिहिलं होतं की ब्लूज म्हणजे तिथली जात्यावरची ओवी. सगळ्यांना फार आवडलं. आता ते वाचवत नाही. ओवी म्हणणारी बाई पहाटे स्वतःपुरतं म्हणायची, तिला गिऱ्हाईक नव्हतं. ब्लूजच्या रेकॉर्डी पंचाहत्तर सेंटला विकल्या जात, आणि त्या काढणाऱ्यांत पॅरामाउंटसारखी, मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची कंपनी होती. ते गायक धंदेवाईक कलावंत होते, शहरातली नवी गाणी उचलत, लोकांना नाचवत. त्यांना जात्यापाशी बसवून मी त्यांचा मान वाढवला नव्हता. मला सोयीचं पडेल एवढं त्यांना लहान केलं होतं.

ब्रिटनने हेच केलं, आणि तो इतिहास मला पाठ होता. शिकागोत बँड घेऊन गाजलेले बिग बिल ब्रून्झी १९५१मध्ये इकडे आले, तेव्हा ऐकणाऱ्यांना शेतावरून उठून आलेला माणूस हवा होता. ते साधी गिटार घेऊन एकटे उभे राहिले. १९५८मध्ये शिकागोचेच ब्लूज गायक मडी वॉटर्स लीड्सलाच आले, तर त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारवर काही समीक्षक नाराज झाले. मे १९६४मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने ब्लूजच्या एका कार्यक्रमासाठी मँचेस्टरचं विल्ब्रहॅम रोड हे बंद पडलेलं स्टेशन अमेरिकेच्या दक्षिणेतलं वाटावं असं सजवलं, फलाटावर पोती, कोंबड्या, बकऱ्या ठेवल्या. अमेरिकेतल्या काळ्या गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प तिथे उंची कोट घालून, इलेक्ट्रिक गिटार घेऊन, भर पावसात गायल्या. बकऱ्यांची ही गोष्ट मी दोन गाण्यांच्या मध्ये चिडून सांगायचे. २०१४च्या नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारीही सांगितली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून एक वयस्क काळे गृहस्थ येत होते. खिडकीजवळचं टेबल, अर्धा पाइंट स्टाउट, टोपी काढून शेजारी ठेवलेली. टाळ्या वाजवत नसत. माझं सगळं लक्ष तिकडे असायचं. खरं सांगते, पबभर टाळ्यांपेक्षा मला त्यांची एकदा हललेली मान हवी होती. त्या रात्री मी बुक्का व्हाइट यांचं मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगावरचं गाणं गायले. त्या तुरुंगात ते स्वतः राहून आले होते, १९४०मध्ये त्यांनी ते रेकॉर्ड केलं. गाणं संपलं आणि मी माइकवर म्हणाले, "हे कशाबद्दल आहे ते या खोलीत एकाच माणसाला खरं कळलं असेल." आणि हात खिडकीकडे केला. सगळा पब वळला. लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि टाळ्या थांबेपर्यंत टेबलाकडे बघत राहिले.

मध्यंतरात मी त्यांच्यासाठी स्टाउट घेऊन गेले. ते आवाज न चढवता म्हणाले, "मी कॅरिबियनमधल्या सेंट किट्सचा. १९६१मध्ये इथे आलो, एकतीस वर्षं बस चालवली. मिसिसिपी मी पाहिलेलं नाही. मला जिम रीव्ह्ज आवडतो, तो गोरा कंट्री गायक. बायको गेल्यापासून गुरुवारी घरात बसवत नाही, म्हणून येतो." मी सॉरी म्हणाले. त्यांनी हरकत नाही म्हटलं. तुम्ही कुठल्या, असं ते मला विचारू शकले असते. त्यांनी विचारलं नाही. नंतरची दोन गाणी ऐकली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि गेले. मी नेलेला स्टाउट तसाच होता. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्यानंतरही नाहीत.

बँडमधले म्हणाले, तू आदरानेच बोललीस, मनाला लावून घेऊ नकोस. होताच आदर, हे मी आजही म्हणते. पण सतारीचं विचारणारेही आदरानेच विचारतात. ज्या प्रश्नाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो, तोच मी एका एकट्या माणसाला भर पबात विचारला, तोही माइकवरून, त्याला उत्तर द्यायची सोय न ठेवता. वर्षभर मी दोन गाण्यांच्या मध्ये एक शब्द बोलले नाही. पार्चमनचं गाणं दोन वर्षं बंद ठेवलं. आता गाते. ते गाणं गाण्याचा हक्क मला कधी वाटतो, कधी वाटत नाही, आणि वाटत नाही त्या रात्रीही वाजवायला बसल्यावर हात चालतो.

मालकीणबाईंनी नंतर कधीतरी सांगितलं की ते बर्मिंगहॅमला मुलीकडे राहायला गेले, त्या हिवाळ्यातच. म्हणजे माझ्यामुळे यायचे थांबले नसतीलही. ऐकून मला इतकं हलकं वाटलं की पुढची दोन गाणी मी भराभर वाजवली, आणि बासवाल्याला माझ्यामागे धावावं लागलं. कुठल्या महिन्यात गेले, हे मी बाईंना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.