एम टू म्हंजे दोन एमएमचा स्क्रू

माझा पीसी चालू झालाय हे आईला स्वयंपाकघरात बसून कळायचं. आधी पंख्यांची घरघर, मग हार्डडिस्कचं ते ‘कट्... कर्र... कट्-कट्’. कपाटात उंदीर शिरल्यागत. "लागला का उंदीर?" असं ती तिथनंच ओरडायची. मी गेमवर क्लिक करायचो, उठून गॅसवर चहा ठेवायचो, चहा उकळायचा, गाळायचा, कप घेऊन परत यायचो, तर पडद्यावर अजून ती गोल फिरणारी रेघ. घाई नसती तर आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशला जाऊन म्हशीचं ताजं दूध पिऊन आलो असतो तरी चाललं असतं.

हा पीसी मी २०१८ च्या दिवाळीत जमवला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले आणि डिस्कची वेळ आली तेव्हा खिसा मोकळा. मग १ टीबीची साधी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क घेतली आणि जोडीला आधीच्या पीसीतली ५०० जीबीची ठोकून दिली. एसएसडी म्हणजे हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण. "एसएसडी पुढच्या महिन्यात" असं ठरलं होतं. पुढचा महिना सहा वर्षांनी आला.

निमित्त सायबरपंक २०७७ चं. हा गेम २०२० साली आला तेव्हा किमान गरजेच्या यादीत हार्डडिस्क चालत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० चं अपडेट आलं आणि त्यांनी सरळ लिहिलं, किमान एसएसडी पाहिजे. मी म्हटलं, लिहिनात का. पण गाडी जोरात हाणली की पुढचा रस्ता माझ्यानंतर पोचायचा. इमारती मेणाच्या असल्यागत गुळगुळीत दिसायच्या आणि चार सेकंदांनी त्यांना खिडक्या फुटायच्या. माणसाचं बोलणं संपायचं, मग तोंड हलायचं. एक दोस्त म्हणाला, "भावा, कार्ड गेलंय तुझं, कार्ड बदल." मी पण पंचवीस हजारांची जुळवाजुळव सुरू केली होती. एका रात्री सहज गेम खिडकीत चालवून शेजारी टास्क मॅनेजर उघडला. कार्ड निवांत बसलंय आणि डिस्क १०० टक्के. बिचारी मरमर मरायली होती आणि शिव्या कार्डाला पडायल्या होत्या.

त्याच आठवड्यात ५०० वालीनं मान टाकायला सुरुवात केली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा ठिपका, खराब सेक्टरांचा आकडा रोज वाढतोय. ताईच्या लग्नाचे फोटो तिच्यावर होते. ते आधी हलवले आणि मगच झोपलो.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. "एम टू एसएसडी, १ टीबी, एनव्हीएमई" असं नीट सांगितलं. म्हणजे बोर्डात थेट बसणारी पट्टी, वेगवान जातीची. त्यानं खोकं काढून दिलं, मी पैसे दिले, घरी येऊन उघडलं, तर पट्टीच्या पायाशी खाचा दोन. एनव्हीएमईच्या पट्टीला बहुतेक एकच खाच असते. दोन दिसल्या की लेबल वाचायचं. वाचलं, तर साटा. म्हणजे आकार तोच, २२ बाय ८० मिलिमीटर, पण वेग सेकंदाला जास्तीत जास्त साडेपाचशे एमबी. माझ्या बोर्डावर साडेतीन हजार मिळत असताना त्याच किमतीत साडेपाचशे का घेऊ? परत गेलो. तर साहेब म्हणतात, "एम टू म्हणजे एम टू, सगळं एकच असतंय." मी म्हटलं, एम टू हे खोबणीचं आणि मापाचं नाव, आत कुठली भाषा बोलतात ते वेगळं. एकात जुनी साटाची, दुसऱ्यात, म्हणजे एनव्हीएमईत, पीसीआयईची. पंधरा मिनिटं हुज्जत झाली. मग त्यानं बदलून दिली, वर सहाशे घेतले आणि जाता जाता "जेन फोर घ्या की, सात हजाराचा स्पीड" म्हणून अजून एक टोपी घालायचा प्रयत्न केला. बी४५० बोर्ड जेन थ्रीचा, म्हणजे पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचा. जेन फोरची पट्टी त्यात चालेल, पण जेन थ्रीच्याच वेगानं.

खरं सांगायचं तर एवढा तावातावानं भांडलो, पण गेम लोड व्हायला साटा एसएसडी आणि एनव्हीएमई यांच्यात बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो. तुमच्या जुन्या बोर्डावर एम टूची खोबण नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि गप झोपा. खरी उडी हार्डडिस्कवरून एसएसडीवर येण्यात आहे. पण पैसे एकाचे आणि माल दुसरा, हे मला जमत नाही.

रात्री पट्टी बसवायला घेतली. तिरकी धरून खोबणीत सारली, खाली दाबली, आणि बघतोय तर दुसऱ्या टोकाला धरून ठेवणारा स्क्रूच नाही. तो स्क्रू बहुतेक वेळा एसएसडीबरोबर येत नाही, बोर्डाच्या खोक्यात येतो. खोकं माळ्यावर होतं. ते दोन दिवाळ्यांपूर्वी साफसफाईत आईनं भंगारवाल्याला घातलं. हात काढला की पट्टी टुणकन वर. एका हातानं पट्टी दाबून मी दुसऱ्या हातानं ड्रॉवर उचकटायला लागलो.

अण्णा जेवून हात पुसत आले. अण्णा म्हणजे आमचे वडील. चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली आहेत, अजून जातात.

"काय शोधायलायस?"

"स्क्रू अण्णा. ह्या एम टूचा."

"एम टूचा? मग दोन एमएमचा की. त्यात काय एवढं शोधायचं?"

मी समजावलं, एम टू हे ह्या पट्टीचं नाव आहे. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, मोबाइलची बॅटरी लावून भोकात बघितलं आणि म्हणाले, "नाव कायबी असू दे. आटे दोनचेच हायत. चाळीसची पिच."

आणि खरंच तसंच निघालं. पट्टी एम टू आणि तिचा स्क्रूही एम टू, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचा, शून्य पॉइंट चाळीस मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). दुकानात पंधरा मिनिटं ज्या दोन अक्षरांवरनं भांडलो, त्यांचा उद्यमनगरातला अर्थ मला घरातच मिळाला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कागदाच्या पुडीत चार स्क्रू आणले. सगळे सहा लांबीचे. मला पाहिजे तीनचा, कारण सहाचा आत जाऊन टेकतो आणि पट्टी ढिलीच राहते. मी म्हटलं, कापू पक्कडीनं? अण्णांनी असं बघितलं की मी दहावी नापास झालोय. त्यांनी आधी स्क्रूवर नट चढवला, पार डोक्यापर्यंत. मग नट व्हाइसमध्ये धरला आणि बाहेर आलेली शेपटी कानशीनं घासली. आठ-दहा हात, मोजून. मग नट उलटा फिरवून काढला. नट बाहेर येताना कापलेल्या टोकाचे दबलेले आटे आपोआप सरळ करत येतो. "नुसतं कापलं असतंस तर आत घुसलंच नसतं, आणि जोर लावून बोर्डाचे आटे खाल्ले असतेस." डोकं जरा बारीक वाटत होतं म्हणून खाली एक पातळ वायसर घातला. तीन फेऱ्यांत बसला. "लई आवळू नको, पितळ हाय खाली."

विंडोजचं थोडक्यात सांगतो. आधी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला गेलो, ती अर्ध्यात अडकली. मग सरळ नवीन टाकलं आणि तिथं एक गाढवपणा केला. जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच इन्स्टॉल केलं. विंडोज गेली एसएसडीवर, पण चालू होण्याचा तुकडा इन्स्टॉलरनं जुन्याच डिस्कवर ठेवला. सगळं छान म्हणून जुनीची वायर काढली तर पीसी म्हणतोय, बूट करायला काहीच सापडत नाही. रात्री एक वाजता परत पहिल्यापासून. तुम्ही करणार असाल तर बाकीच्या सगळ्या डिस्कांच्या वायरी आधी काढा, मग पेनड्राइव्ह लावा. गेम मात्र पुन्हा डाउनलोड करायला लागत नाहीत. स्टीम, म्हणजे जिथनं गेम घेतो ते ॲप, त्याच्या सेटिंगमध्ये स्टोरेजला जाऊन निवडायचं आणि दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचं.

आता फरक. पीसी चालू करून काम करण्याजोगा व्हायला पूर्वी पावणेदोन-दोन मिनिटं लागायची, आता मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं तर १८ सेकंद. सायबरपंकच्या इमारतींना खिडक्या जन्मापासून असतात. जीटीए ५ चा स्टोरी मोड दोन मिनिटांवरनं अर्ध्या मिनिटावर आला. एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा आकडा, मात्र जिथल्या तिथं. पंचावन्न होते, पंचावन्नच आहेत. एसएसडीनं एफपीएस वाढतात असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. अडखळणं कमी होतं, ते वेगळं.

आणि प्रत्येक वेळी गुन्हेगार डिस्कच असते असंही नाही. जीटीए ऑनलाइन लोड व्हायला लोकांना पाच-सहा मिनिटं लागायची, एसएसडी असली तरी. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरनं बाहेरनं कोड उकलून दाखवलं की गेम सुरू होताना १० एमबीची एक यादी इतक्या येड्यासारखी वाचली जाते की सगळा वेळ प्रोसेसर त्यातच घालवतो. त्याच्या दुरुस्तीनं वेळ सत्तर टक्के कमी झाला. कंपनीनं ते मान्य करून अपडेट काढलं आणि त्याला दहा हजार डॉलर दिले.

मेलेली ५०० जीबीची डिस्क टेबलावर पडून होती. रविवारी अण्णा म्हणाले, "उघडू काय?" त्यांच्या हातात चांदणीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आधीच होता. झाकण निघालं आणि आत तबकडी. आरसाच. अण्णांनी बोट लावलं नाही, हात मागं बांधून नुसतं वाकून बघितलं. असं फेसिंग, म्हणजे लेथवर सपाट केलेला पृष्ठभाग, त्यांनी जन्मात बघितलं नसणार.

"किती फिरतंय हे?"

"७२०० आरपीएम."

त्यांनी व्हर्नियर लावला. पंचाण्णव एमएम. मग पेपरच्या कोपऱ्यावर गणित. पाय डी एन भागिले हजार, कडेचा वेग काढायचं टर्नर लोकांचं पाठ असलेलं सूत्र. "एकवीसशे मीटर मिनिटाला," ते म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. "माइल्ड स्टीलला मी तीस चालवतोय." मी हिशोब पुढं नेला, तबकडीची कड ताशी सव्वाशेच्या वर धावते. आणि तिच्यावर ते वाचणारं मुंडकं किती उंचीवर तरंगतं? दहा नॅनोमीटरपेक्षाही कमी. म्हणजे मायक्रॉनचा शंभरावा हिस्साही नाही. अण्णांचा मायक्रोमीटर दहा मायक्रॉनपेक्षा बारीक मोजत नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मी त्यांना विचारलं, एवढं असून ही हळू का? ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. पाहिजे तो भाग मुंडक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. त्याआधी दांडा त्या जागी सरकायला आठ-नऊ. म्हणजे एका शोधाला बारा-तेरा. सेकंदाला जेमतेम ऐंशी शोध. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती दीडशे एमबीनं सुसाट वाचते, पण गेमला हजार ठिकाणचं बारीक-बारीक लागतं. एसएसडीत सरकायला काही नाहीच, तिचा एक शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत.

अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजे कटिंगला दोन मिनिटं आणि सेटिंगला वीस. दोन-दोन नगांच्या ऑर्डरी आल्यावर आमचं पण हेच होतंय."

इतकी वर्षं मी हे लोकांना ग्रंथालय, कपाट, कायकाय उदाहरणं देऊन सांगत होतो.

त्या डिस्कमधली दोन चुंबकं अण्णांनी व्हाइस लावून वेगळी केली. बोट सापडलं असतं तर कांडकं गेलं असतं, इतका जोर. एक आता त्यांच्या लेथखालचा लोखंडी कीस गोळा करतंय. तबकडी आईनं गॅलरीत दोरीला टांगली आहे, कबुतरं येऊ नयेत म्हणून. १ टीबीची चांगली हार्डडिस्क मी पीसीत तशीच ठेवली आहे, फोटो आणि जुन्या रेकॉर्डिंगांसाठी. तिला आता दिवसभर काही काम नसतं, झोपूनच असते.

काल रात्री अण्णा पाणी प्यायला उठले. मी हेडफोन घालून खेळत होतो. दारात उभं राहून म्हणाले, "बंद पडलंय काय रं? आवाज न्हाई."

"चालूय अण्णा. ह्यात फिरणारं काय नाहीच."

"मग ही बिघडली की उघडून बघायचं काय आत?"

"काय नाही. काळ्या चिपा नुसत्या."

"हत्तिच्या," म्हणाले आणि झोपायला गेले.