कंपायलर आपोआप कसा निवडला जातो?

आमच्या टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, "कुठला कंपायलर वापरायचा हे बिल्ड सिस्टिमला स्वतःहून कळत नाही का?" तुम्हीही तेच विचारलंत. कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचा मशीनवर चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, आणि बिल्ड सिस्टिम म्हणजे ते काम आपोआप करवून घेणारी यंत्रणा. कंपायलर शोधणं तिला जमतं. पण सापडलेल्यांपैकी आपल्याला कुठला चालेल, हे तिला आपणच सांगावं लागतं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

मेकफाईलमधली (मेक या बिल्ड साधनाला सूचना देणाऱ्या फाईलमधली) एक ओळ घ्या: 'सीसी ?= क्लँग'. सीसी हे कंपायलरचं नाव ठेवणारं व्हेरिएबल, आणि क्लँग हा एक कंपायलर. वाचताना वाटतं, कुणी काही सांगितलं नसेल तर क्लँग घे. प्रत्यक्षात जीएनयू मेकमध्ये सीसीला आधीपासूनच किंमत दिलेली असते, साधं 'सीसी' नावाचं कमांड. त्यामुळे ही ओळ काहीच करत नाही. फाईलमध्ये क्लँग लिहिलेलं असतं आणि बऱ्याच लिनक्स मशीनवर काम जीसीसी हा दुसराच कंपायलर करतो. यावर उपाय म्हणजे मेकचं 'ओरिजिन' फंक्शन. सीसीची किंमत कुठून आली ते विचारायचं, आणि उत्तर 'डिफॉल्ट' आलं तरच आपला कंपायलर भरायचा. वापरणाऱ्याने कमांड लाईनवर किंवा एन्व्हायर्नमेंटमध्ये काही दिलं असेल, तर त्याला हात लावायचा नाही. हा नियम मी कधीच मोडत नाही. माणसाने स्पष्ट सांगितलेलं स्क्रिप्टने परस्पर बदललं, तर पुढे त्या बिल्डवर कोण विश्वास ठेवणार?

दुसरं, नावावर जाऊ नका. मॅकओएसवर 'जीसीसी' हे कमांड दिलं तरी सहसा चालतो क्लँगच. म्हणून सीमेक हे बिल्ड साधन एक छोटी फाईल कंपाईल करतं आणि कंपायलरने स्वतः डिफाइन केलेले मॅक्रो (कोडमध्ये तपासता येणारी तयार नावं) पाहून त्याची ओळख पटवतं. स्वतः अशी तपासणी लिहिणार असाल तर क्रम सांभाळा. क्लँग स्वतःला जीसीसी ४.२ म्हणवणारे मॅक्रोही डिफाइन करतो. आधी "जीएनयूचा, म्हणजे जीसीसी, आहेस का?" असं विचारलंत तर क्लँगही हो म्हणेल. क्लँगची चौकशी आधी, जीएनयूची नंतर.

आवृत्तीचे आकडे तपासण्यापेक्षा मला हवा तो फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) थेट चालवून पाहणं जास्त पटतं. त्यातही एक खाच आहे. 'डब्ल्यू-नो'ने सुरू होणारा, म्हणजे एखादी वॉर्निंग बंद करणारा, अनोळखी फ्लॅग जीसीसी मुकाट्याने स्वीकारतो, तक्रार करतो ती दुसरी काही वॉर्निंग किंवा एरर निघाली तरच. म्हणून तपासताना 'नो' काढून टाकायचा.

आता क्रॉस-कंपायलिंग, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करणं, कारण मी सर्वात जास्त पोळलो ते इथे. एआरएम प्रोसेसर असलेल्या एका बोर्डासाठी बिल्ड करत होतो. आमची स्क्रिप्ट पाथमध्ये (सिस्टिम जिथे कमांड शोधते त्या फोल्डरांत) टार्गेटचं, म्हणजे ज्या मशीनसाठी बिल्ड करायचं त्याचं, नाव पुढे लावलेला जीसीसी शोधायची, आणि तो नाही मिळाला तर साधा जीसीसी घ्यायची. नव्या मशीनवर टार्गेटचा जीसीसी बसवलेलाच नव्हता. बिल्ड एकही एरर न येता पूर्ण झालं. बोर्डावर चालवलं तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. बोर्ड बदलून पाहिला, फाईल पुन्हा कॉपी केली. शेवटी फाईलचा प्रकार सांगणारं 'फाईल' कमांड चालवलं, तेव्हा ती बायनरी एक्स८६-६४ची, म्हणजे बोर्डाची नव्हे तर आमच्याच मशीनची, निघाली. तो पर्यायी जीसीसी घेणारा कोड मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. टार्गेट सांगितलेलं असेल आणि त्याचा कंपायलर नसेल, तर बिल्डने थांबायचं आणि काय सापडलं नाही ते सांगायचं.

सीमेक वापरत असाल तर अजून एक गोष्ट: पहिल्या वेळी निवडलेला कंपायलर बिल्ड फोल्डरमधल्या कॅशमध्ये (साठवलेल्या नोंदीत) राहतो. नंतर एन्व्हायर्नमेंटमधला सीसी बदलला तरी त्या बिल्ड फोल्डरमध्ये फरक पडत नाही. नवं फोल्डर घ्या. क्रॉस बिल्डसाठी टूलचेन फाईल (टार्गेट आणि त्याचा कंपायलर सांगणारी फाईल) लिहा आणि ती रिपॉझिटरीतच ठेवा.

आणि निवड झाली की ती छापा. आमच्या प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला कंपायलरचा पूर्ण पाथ, आवृत्ती, '-डम्पमशीन' दिल्यावर तो सांगतो ते टार्गेट, आणि ही निवड कुणाची, कमांड लाईनची, एन्व्हायर्नमेंटची की आमची, हे एका ओळीत दिसतं. कुणी "माझ्याकडे चालत नाही" असं म्हणत आलं, की मी आधी तीच ओळ मागतो.