आयुष्मान कार्ड आणि आईसाठी एमडी मेडिसिन डॉक्टर: इंदूरमधला माझा अनुभव

आईला वीस वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे आणि आता पायांवर सूजही येऊ लागली आहे. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "आता एखाद्या एमडी मेडिसिनला, म्हणजे फिजिशियनला दाखवा आणि त्यांच्याकडेच कायम ठेवा." आई ७४ वर्षांची. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान ही सरकारची मोफत उपचारांची योजना लागू झाली ती २९ ऑक्टोबर २०२४ पासून. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही जुन्या आजारांसकट. तेव्हा आधी तिचं वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, काढून घेतलं.

कार्डाला फक्त आधार लागतं. पण आधारला जोडलेला नंबर बाबांचा होता आणि तो कधीच बंद झालेला, त्यामुळे ओटीपी येईना. भांडी घासून, पोळ्या लाटून आईच्या बोटांचे ठसे इतके पुसट झालेत की मशीन तेही घेईना. शेवटी लोकमान्यनगरमधल्या आमच्या शेजारच्या मुलाने आयुष्मान अ‍ॅपवरून चेहरा दाखवून काम केलं. "आजी, चष्मा काढा आणि डोळे मिचकवा," तो म्हणाला. आईने डोळे गच्च मिटले ते मिटलेच. "उघडायचे पण!" मग झालं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची योजना) मात्र इथे दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते, ते आधी घरात ठरवून ठेवा.

खरी शोधाशोध यानंतर सुरू झाली. आयुष्मान ही भरती झाल्यावरची योजना आहे. दवाखान्यात बसून बीपी तपासून घेणं, दर महिन्याच्या गोळ्या, नेहमीची शुगरची तपासणी, यातलं काही त्यात येत नाही. म्हणजे 'आयुष्मान घेणारा फिजिशियन' असा वेगळा मिळत नाही. योजनेच्या यादीत असतं ते हॉस्पिटल, आणि तेही ज्या ज्या विभागासाठी मान्यता असेल तेवढ्यापुरतंच. हे मला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळकपणे सांगते.

एका खाजगी हॉस्पिटलला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "हाँ, आयुष्मान चलता है." आईला रिक्षात घालून नेलं, तर आतल्या आयुष्मान काउंटरवर कळलं की तिथे फक्त हाडांची ऑपरेशनं होतात. सुजलेल्या पायांनी आई बाकावर बसून होती. मला फार राग आला. फोनवर ती मुलगी एक वाक्य जास्त बोलली असती तर आईची फेरी वाचली असती.

मग मी प्रश्नच बदलला. योजनेच्या वेबसाइटवर इंदूर जिल्हा आणि जनरल मेडिसिन हा विभाग निवडून यादी काढली. फोन केला की थेट आयुष्मान मित्राला, म्हणजे हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, मागायचं आणि विचारायचं: "मेडिसिन में भर्ती लेते हैं? निमोनिया या शुगर बढ़ने पर? और कौन-से डॉक्टर देखते हैं?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. ज्या डॉक्टरांचं नाव मिळालं, त्यांच्याच संध्याकाळच्या क्लिनिकमध्ये फी भरून आईला दाखवलं. फी आपल्या खिशातून जाते, पण उद्या भरती करायची वेळ आली तर आईला ओळखणारा माणूसच कार्डावर उपचार करणार, याची मला फार निश्चिंती वाटली. ज्यांना ही फीसुद्धा जड जाते त्यांनी एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, मेडिसिन ओपीडीचा पर्चा (केसपेपर) काढावा. गर्दी असते, वेळ जातो, पण तपासणारे मेडिकल कॉलेजचे डॉक्टर असतात.

पावसाळ्यात ती वेळ आलीच. लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, शुगर चारशेच्या वर. डॉक्टरांनी भरती लिहिली. भरतीच्या वेळीच कार्ड आणि आधार दाखवा, नंतर नाही. आयुष्मान मित्राने आईची ओळख पटवली, पलंगावरचा फोटो घेतला, रिपोर्ट चढवले आणि मंजुरी मागितली. मेडिसिनमध्ये ऑपरेशनसारखा एकच ठोक आकडा नसतो. जनरल वॉर्ड की आयसीयू, त्याप्रमाणे दिवसाचा दर असतो, म्हणून दिवस वाढले की मंजुरीही वाढवून घ्यावी लागते. रोज सकाळी मी काउंटरवर जाऊन तेवढं विचारून येत असे.

एका रात्री मेडिकलवाल्याने इंजेक्शनचे पैसे मागितले. मी म्हटलं, "लिहून द्या, मी योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५ वर विचारते." इंजेक्शन वॉर्डमध्ये आलं, पैसे द्यावे लागले नाहीत. आवाज न चढवता, पण ठामपणे विचारायचं.

डिस्चार्जच्या दिवशी बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस, इतक्या काळातली त्या आजाराची औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्येच असतात. मी मागितल्यावरच आईच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या पिशवीत आल्या. कार्डावरून किती रक्कम गेली, तेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवलं.

आई आता बरी आहे, महिन्यातून एकदा त्याच डॉक्टरांकडे जाते. दिवाळीला ती भावाकडे बडोद्याला जाईल. कार्ड राज्याबाहेरही चालतं, म्हणून त्याच्या घराजवळची जनरल मेडिसिनची मान्यता असलेली हॉस्पिटलं काढून ठेवली आहेत. वहिनी पुढच्या आठवड्यात तिथल्या काउंटरवर जाऊन तेच तीन प्रश्न विचारून येणार आहे.